‘स्मृतिचित्रे’: शिष्यत्वाची किंमत घरातून पाहताना

१८९५ साली कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या निर्णयाची किंमत त्यांच्याइतकीच, किंबहुना अधिक, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. ताटातूट, माहेरच्यांचा आक्रोश आणि लहानग्या मुलाची, दत्तूची, काळजी त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात कुठलाही आव न आणता लिहिली आहे. पतीकडे परतल्यावरही त्या काही काळ सोवळे-ओवळे पाळत राहतात, ही पाने मला सर्वांत मोलाची वाटली, कारण १९०० साली त्यांनी घेतलेला बाप्तिस्मा हा पतीच्या आज्ञेचा नव्हे, तर स्वतःच्या मनाने गाठलेला मुक्काम होता, हे तिथेच उमगते. पुढे पतीचे ख्रिस्ताच्या जीवनावरील अपुरे काव्य ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्ण केले. माझ्या प्रतीचा टाइप बारीक आहे. वडीलधाऱ्यांसाठी घेताना तेवढे पाहावे.