दुकानदार राउटरवर व्हीपीएन लावून देतो म्हणाला, 14,400 ला बसलो

राउटर 6,800. 'स्टॅटिक आयपी' (न बदलणारा इंटरनेट पत्ता) वर्षाचे 2,500. 'व्हीपीएन लायसन्स' वर्षाचं 3,600. बसवणूक 1,500. एकूण 14,400 रुपये, सगळे यूपीआयने. पावती म्हणून व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर बॉलपेनने खरडलेले चार आकडे. इंदूरबाहेर असताना घरचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारी पेटी) आणि हार्ड डिस्क फोनवर उघडावी, एवढंच काम होतं. त्यासाठी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा इंटरनेटवरचा खाजगी बोगदा. तीन महिन्यांनी गावाबाहेर गेल्यावर कळलं की त्यातलं काहीच झालेलं नाही.

लायसन्सचा राग सगळ्यात जास्त. त्याने लावलेलं वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर फुकट असतं हो! 2020 पासून ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) येतं. घरच्या राउटरवर त्याचं लायसन्स अशी वस्तूच नसते. कोणी मागितलं तर चहाही न संपवता उठा.

राउटरच्या खोक्यावर 'व्हीपीएन' लिहिलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. पुढचा शब्द होता 'पासथ्रू'. म्हणजे घरात बसून तुम्ही बाहेरच्या व्हीपीएनला जोडलात तर राउटर अडवणार नाही, बस्स. 'व्हीपीएन क्लायंट' असेल तरी उपयोग नाही, तो राउटरला दुसऱ्याच्या सर्व्हरला नेऊन जोडतो. बाहेरून आत यायचं तर राउटरमध्ये 'व्हीपीएन सर्व्हर' हवा. पैसे देण्याआधी त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये हा शब्द शोधा, दुकानदाराच्या तोंडात नको.

आता ती वेळ, जी आठवली की अजून कानशिलं तापतात. सगळं लावून झाल्यावर त्याने माझाच फोन माझ्यापुढे धरला: "लो भिया, चल गया." वर किल्लीचं चिन्ह (व्हीपीएन चालू असल्याची खूण), ॲपमधलं बटण चालू, चारही कॅमेरे दिसतायत. आणि किल्लीच्या शेजारी वायफायचा पंखा. आम्ही घरातच, घरच्याच वायफायवर! कॅमेरे तर व्हीपीएन नसतानाही दिसले असते. पंखा मला दिसला होता. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघावं, हेही मनात आलं होतं. पण तो बॅग आवरत होता, आणि आलेल्या माणसावर तोंडावर संशय कसा घ्यायचा? मला आयपी म्हणजे काय ते कळतं, मी काही अगदीच भोळा नाही. तरी दहा सेकंदांची तपासणी भिडेखातर सोडली.

वायरगार्डचं ॲप पलीकडे सर्व्हर नसला तरी किल्ली दाखवतं. खरं काय ते 'लेटेस्ट हँडशेक' (सर्व्हरशी शेवटची गाठ कधी पडली) या ओळीत. ती ओळच आली नसेल आणि आलेला डेटा शून्य असेल, तर जोडणी नाही. मी नंतर सेटिंग उघडलं तेव्हा 'अलाउड आयपीज'मध्ये (कोणत्या पत्त्यांची वाहतूक बोगद्यातून न्यायची ती यादी) फक्त 10.6.0.0/24, म्हणजे व्हीपीएनचेच पत्ते भरलेले. घरचं 192.168.0.0/24 तिथे भरलं असतं तर कॅमेऱ्यांची वाट त्या मेलेल्या बोगद्यात गेली असती आणि माझ्यासमोरच पडदा काळा झाला असता. म्हणजे अडाणीपणा नव्हे, पूर्ण समजून केलेलं काम.

स्टॅटिक आयपीची गंमत वेगळी. नव्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) 192.168.1.5. हा घरातल्यासारखाच पत्ता, म्हणजे राउटर फायबर मोडेमच्या मागे लपलेला. मोडेमचा वॅन आयपी 100.72 ने सुरू होणारा. 100.64 ते 100.127 दिसलं की समजा, कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटलाय. तिथे पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे वळवणं) करून काही येत नाही, डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव) लावूनही नाही. मोडेमवरचा आकडा आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवरचा आकडा एकच असला पाहिजे. इंटरनेट कंपनीत विचारलं, तर माझ्या नावाने स्टॅटिक आयपीचा अर्जच नाही. हे पैसे फक्त कंपनीच्या बिलात भरा, मधल्या माणसाकडे कधीच नाही.

आणि राउटरचं क्लाउड खातं (राउटर बाहेरून चालवायचं खातं) त्या दुकानदाराच्या स्वतःच्या ईमेलवर! मी बाहेरून आत येऊ शकत नव्हतो, तो मात्र येऊ शकत होता. आधी रीसेटचं बटण दाबा, मग दुसरं सगळं.

पोलीस ठाण्यात गेलो. तिथला कारकून, मुन्शी, विचारतो: "सामान तो मिला ना आपको?" मिळालं. "फिर ठगी काहे की?" पासथ्रू आणि सर्व्हरमधला फरक मी कागदावर काढून दाखवला, तर मुन्शीने तोच कागद उलटा करून त्यावर हिशेब मांडला. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी अर्ज चुकीच्या नमुन्यात. तिसऱ्या दिवशी सल्ला मिळाला की हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा. तीन फेऱ्या, आणि हातात साधी पोचही नाही. दुकानात तोवर पाटी बदललेली. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पण तिथे बिल मागतात, आणि माझ्याकडे व्हिजिटिंग कार्डाची पाठ. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर 'व्हीपीएन सर्व्हर' असं लिहवून घ्या. यूपीआयचे स्क्रीनशॉट पुसू नका.

स्टॅटिक आयपी नको असेल तर घरात सतत चालू राहणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर टेलस्केल हे तयार व्हीपीएन ॲप टाका. वाटलेल्या पत्त्यामागूनही चालतं, घरगुती वापराला फुकट. घरचं नेटवर्क 192.168.0 किंवा 192.168.1 वर ठेवू नका, हॉटेलचंही तेच निघतं आणि वाट चुकते. 192.168.47 ठेवा. वायरगार्डमध्ये प्रत्येक फोनला वेगळी किल्ली (पासवर्डसारखी लांबलचक अक्षरं), आणि खाजगी किल्ली व्हॉट्सॲपवर कुणालाही नाही.

काल त्याच नंबरवरून मेसेज आला: "अंकल, व्हीपीएन लाइसेंस रिन्यूअल ड्यू है, 3,600."