भाड्याचं कुट्टी मशीन आणि दादरचा कडबा

अवकाळीत दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा भिजून काळा पडला, बैलं तोंड लावेनात. मग यावलहून कुट्टी मशीन भाड्याने आणलं, तासाला 900 रुपये. पाती बोथट होती, बदलायला लावली, मग बोटभर तुकडे पडू लागले. कांदेबागेत (हिवाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या केळीत) ओळींमध्ये तण दाबायला या कुट्टीचा चार बोटं थर दिला. ज्वारीच्या ताटातली फिनॉलिक आम्लं ओलाव्याने झिरपतात, तणाचं बारीक बी उगवू देत नाहीत. महिन्याने थर उचकटला: घोळ, माठ ही तणं जवळपास नाहीच. एक कोंब सापडला, पिवळट, मुळाचं टोक तपकिरी. लव्हाळा मात्र गाठीतून आलाच, तो खुरपावा लागला. अशा थरात लगेच मेथी-कोथिंबीर टाकू नका, तिच्याही उगवणीला फटका बसतो. मशीन पुढच्या वर्षीही बोलावणार, पाती आधी बघून.