आपत्तीकामाची तयारी: आपदा मित्र की टिसची एमए?
एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या मैत्रिणीला सांगलीच्या पूरपट्ट्यात काम करायचंय. २०१९चा महापूर तिने जवळून पाहिलाय. पुढे काय शिकावं, हा तिचा प्रश्न.

'आपदा मित्र' हे स्थानिक स्वयंसेवकांसाठीचं सरकारी प्रशिक्षण १२ दिवसांचं, मोफत. प्रथमोपचार, शोध आणि बचाव यांवर भर. सराव सुटला की मात्र हात विसरतो.

मुंबईतल्या 'टिस'ची (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आपत्ती व्यवस्थापनाची एमए दोन वर्षं आणि बरीच फी मागते. पण पाणी ओसरल्यावरचे प्रश्न समजायला एवढा वेळ लागतोच: पंचनाम्यातून सुटलेला भाडेकरू, सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी बाई, माळीण किंवा इर्शाळवाडीसारख्या दरड कोसळलेल्या वस्तीचं पुनर्वसन.

गावातच राहून पहिल्या तासांत धावायचं असेल, तर आपदा मित्र. पुनर्वसनात पूर्णवेळ उतरायचं असेल, तर टिस. मैत्रिणीला मी टिसच सुचवेन. तिचा जीव पुनर्वसनातच आहे.