पाटीला पॉपिन्स की मुक्ता?

मामेबहीण कर्वे रस्त्यावर थालीपीठ-भाकरीचं दुकान काढतेय. पाटीवर तिला ठसठशीत, भौमितिक वळणाचं अक्षर हवंय आणि ती दोन फॉन्टवर अडली आहे: पॉपिन्स आणि मुक्ता. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, परवाना खुला आहे. त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही, अक्षराचाच आहे.

पॉपिन्स हा इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा. त्याची देवनागरीही रोमनसारखीच वर्तुळावर बेतलेली आहे, व आणि ब यांची पोटं कंपासने काढल्यासारखी गोल. मुक्ता मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा. रेषेची जाडी त्यातही साधारण एकसारखीच, पण वळणं हाताच्या लिखाणाला जवळची. म्हणजे काटेकोरपणे भौमितिक म्हणायचा तो पॉपिन्सच.

‘थालीपीठ, भाकरी, धिरडी’ एवढंच टाइप करून प्रिंट काढा, भिंतीला लावा आणि वीस पावलं मागे जा. थ, भ, ध या तिन्ही अक्षरांत शिरोरेषा तुटलेली असते आणि सगळी ओळख त्या फटीत असते. पॉपिन्सला नऊ वजनं, म्हणजे जाडीच्या नऊ पायऱ्या आहेत. त्यातलं सर्वांत जाड ‘ब्लॅक’ घेतलं की फट अरुंद होते आणि सिग्नलला थांबलेल्या दुचाकीवाल्याला धिरडीची घिरडी दिसू शकते. दोन पायऱ्या खाली, ‘बोल्ड’वर या. मुक्ता एक्स्ट्राबोल्डपाशीच थांबतो, त्यामुळे तिथे हा धोका कमी.

पाटीवर इंग्रजीही येणार असेल तर मात्र पॉपिन्सची बाजू भक्कम आहे. आपल्याकडे मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, 2022 च्या कायदादुरुस्तीने ते पक्कं झालंय. पॉपिन्समध्ये देवनागरी अक्षराची उंची रोमनच्या (b, d यांच्या) उंच दांड्यांइतकी ठेवलेली आहे आणि कॅपिटल अक्षरं त्याहून बुटकी आहेत. एकाच मापात टाइप करा, मराठी आपोआप मोठी दिसते. हा विचार मला फार आवडतो.

अॅक्रिलिकची अक्षरं कापून घेणार असाल तर दोन्ही चालतील. शिरोरेषेमुळे शब्द बराचसा एकसंध राहतो, फक्त ‘शेंगदाणा’सारख्या शब्दातलं अनुस्वाराचं टिंब वेगळं बसवावं लागतं.

ल आणि श मात्र तपासाच. 2009 च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण धरला. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा आणि थालीपीठातला ल डोळ्यांनी बघा. हिंदी वळणाचा ल मराठी पाटीवर मला खटकतो.

फ्लेक्सवाल्याला फाइल कर्व्ह करूनच द्या, म्हणजे अक्षरांचं रेषांच्या चित्रात रूपांतर करून. आमचा एक फ्लेक्स जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला गेला आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न राहता उजवीकडे जाऊन बसली. छापून झाल्यावर कळलं, पैसे गेले.

बहिणीला मी पाटीसाठी पॉपिन्स बोल्ड सुचवलाय. मेनूकार्डाला मात्र मुक्ता रेग्युलर, कारण बारीक मापात जोडाक्षरं वाचताना डोळ्यांना ती हाताची वळणंच सोपी जातात.