थंडीत कच्च्या जेवणाचा डबा लावला होता, त्याबद्दल

पाचपैकी तीन स्टार देतेय, तेही दुपारच्या डब्यामुळे. रात्रीच्या डब्याला वेगळे स्टार द्यायची सोय असती तर एकच दिला असता. सर्व्हिसचं नाव लिहीत नाही, एक तर पोरं मेहनती आहेत आणि दुसरं म्हणजे माझे पैसे अजून त्यांच्याकडे अडकलेत.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी २१ दिवसांचा प्लॅन घेतला, दोन वेळचं जेवण, दिवसाला ४४० रुपये, वर काचेच्या डब्यांचं डिपॉझिट ५०० वेगळं. नियम असा की ४५ डिग्रीच्या वर काहीही तापवायचं नाही, म्हणजे पोळी नाही, भात नाही, आमटी नाही, दूध नाही आणि चहा तर नाहीच नाही. मे महिन्यात घेतला असता तर शहाणी ठरले असते, पण संकल्प जानेवारीतच सुचतात त्याला मी काय करू.

आता मुंबईची थंडी म्हटलं की नाशिकची माणसं हसतात, हसू देत. आम्ही मुलुंड वेस्टला डोंगराच्या अंगाला राहतो, मागे नॅशनल पार्क, पहाटे नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. सांताक्रूझचा ७.४ डिग्रीचा रेकॉर्ड आहे ना, २२ जानेवारी १९६२ चा, तेव्हा सासूबाई शाळेत होत्या आणि दर जानेवारीत आम्हाला ती थंडी नव्याने ऐकवतात. यंदा तसलं काही नव्हतं, पहाटे १६-१७ फार तर, पण सकाळच्या लोकलला दाराशी उभं राहायला मिळालं आणि पोटात फक्त पेरू आणि भिजवलेले बदाम असले की १६ पण पुष्कळ होतात.

पहिले तीन दिवस डोकं जाम दुखलं. मला वाटलं कच्च्या खाण्याचं काहीतरी आहे, विचारलं तर म्हणे बॉडी डिटॉक्स होतेय. डिटॉक्स कसलं, दिवसाला चार कप चहा पिणाऱ्या बाईचा चहा एका दिवसात तोडला की डोकं दुखणारच, ते कॅफिनचं दुखणं. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, की बाई आठवडाभर आधी एकेक कप कमी करत या. पोटाचं पण तसंच, एवढा चोथा अचानक गेला की वात धरतो, आणि गर्दीच्या लेडीज डब्यात त्याचे काय हाल होतात ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या आठवड्यात शांत झालं सगळं.

खरी तक्रार वेगळीच आहे. डबा सकाळी सव्वासहाला दारात, थर्मल बॅग, आत आईसपॅक. जानेवारीत आईसपॅक! दोन्ही वेळचं एकदम येतं म्हणून रात्रीचं फ्रिजमध्ये ठेवायचं अशी चिठ्ठी लावलेली, आणि मी शहाण्यासारखी ठेवत होते आणि रात्री साडेनऊला फ्रिजमधून काढून तशीच काकडी-झुकिनी चावत बसत होते, अंगावर शाल, पायात मोजे, शेजारी नवरा गरम खिचडीवर तूप घालून घेतोय आणि तुपाचा वास माझ्या नाकात. चौथ्या रात्री गाजराचं सूप दाताला असं लागलं की हिरड्या बधिर. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाळंतिणीला सुद्धा आम्ही इतकं जपत नाही तेवढं तू या डब्याला जपतेस, बाहेर तरी काढून ठेव जरा."

तर नवरा केमिकलवाला, त्याने पेपरच्या कोपऱ्यावर हिशोब मांडला. अर्धा किलो जेवण ५ डिग्रीवरून अंगाच्या ३७ डिग्रीला आणायचं म्हणजे ३२ डिग्री वाढवायचं, अर्धा किलो पाणी धरलं तर सोळा कॅलरी. सोळा! एका मारी बिस्किटात याहून जास्त असतात. म्हणजे गार खाल्लं म्हणून अंगातली ऊब जाते हे काही खरं नाही, मग मला हुडहुडी कशाची भरत होती? त्याने डब्याचा फोटो बघून सांगितलं, काकडी, आईसबर्ग लेट्यूस, टोमॅटो, झुकिनी, चारशे ग्रॅम असेल पण कॅलरी शंभरच्या आसपास, तू जेवतच नाहीयेस. आणि ते पटलं मला. चारशे ग्रॅम पालापाचोळा खाऊन पोट टम्म होतं पण चुलीत लाकूडच नाही तर धग कुठून येणार. आयुर्वेदवाले म्हणतात ना की हेमंतात जठराग्नी पेटलेला असतो, जड-स्निग्ध खा, तर सासूबाई ते दोन आठवडे तोंडी सांगत होत्या आणि मी गुगल करत होते.

मग मी डब्यावर माझेच संस्कार सुरू केले, आणि ज्यांना थंडीत हे करायचंय त्यांनी बाकी काही नाही तरी एवढं वाचा. कच्चं आणि गार या दोन वेगळ्या भानगडी आहेत. रात्रीचा डबा खायच्या तासभर आधी बाहेर काढायचा, त्याहून जास्त आधी नाही, मुंबईत चिरलेली भाजी आणि काजूचं सॉस दिवसभर ओट्यावर ठेवायची वस्तू नाही. सूपची बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, बोट बुडवून बोटाला सोसेल इतपतच कोमट, तेवढ्याने नियमही मोडत नाही. काचेची बरणी फ्रिजमधून थेट उकळत्या पाण्यात नाही हं, एक तडकली माझी. ताटली गरम पाण्याने धुऊन पुसून घ्यायची. वरून आलं किसून, मिरपूड, हिरवी मिरची-लसणाचा ठेचा, जीभ आणि कान गरम झाले की निम्मी थंडी पळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूठभर भिजवलेले शेंगदाणे, ओलं खोबरं, खजूर, तीळ. मूठभर शेंगदाण्यात दीडशेच्या वर कॅलरी असतात, म्हणजे त्यांच्या अख्ख्या बाऊलपेक्षा जास्त, हे बघून मला हसावं की रडावं कळेना. शेंगदाणे वाढवले आणि दोन दिवसांत रात्रीचे मोजे सुटले.

आता पदार्थांबद्दल. ज्वारीला मोड आणून वाटून डीहायड्रेटरमध्ये वाळवलेलं 'रॉ थालीपीठ' म्हणून येतं, दर मंगळवारी. नाव ऐकून मी इतकी खूश झाले होते. चवीला वाईट नाही पण ते थालीपीठ नाही हो, ते खारवलेलं पुठ्ठं आहे, मधलं भोक तेवढं पाडलंय. बिटाचे कबाब चांगले, अक्रोड घातल्यामुळे पोटाला आधार होतो. काजूचं 'क्रीम' अप्रतिम, बोट चाटून खावं असं, पण 'प्युअर रॉ कॅश्यू' असं लेबलवर लिहू नका, माझं माहेर वेंगुर्ल्याचं आहे. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं तर सालं निघतात, म्हणून बी आधी वाफवतात किंवा भाजतात आणि मग फोडतात, बाजारातला पांढरा काजू उष्णता न लागता आलेला नसतोच सहसा. एका शनिवारी दडपे पोहे आले, 'कोकोनट फ्लेक राईस बाऊल' या नावाने, फोडणीशिवाय. पोहे मुळात साळी भिजवून भाजून कांडून होतात, तेव्हा ते कच्चे कसे हे विचारलं तर स्मायली आली. पण बरे होते, मी काही बोलले नाही पुढे. फोडणी नाही म्हणून सासूबाईंना मात्र ते दडपे पोहे वाटेचनात.

तीळ-खजुराचा लाडू हा या सर्व्हिसचा बेस्ट आयटम. पाचपैकी सहा.

माझा राग झुकिनीवर आहे. २१ दिवसांत अकरा वेळा झुकिनी. अरे, कच्चं खायला जानेवारीइतका चांगला महिना अख्ख्या वर्षात नाही मुंबईत! मुलुंडच्या मार्केटात स्टेशनवरून घरी येताना बघा, लाल गाजरं, कोवळा मुळा पाल्यासकट, सोलायचा हिरवा हरभरा, ओली हळद आणि आंबेहळद, आवळे, बोरं, पेरू, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, पातीचा कांदा. ओली हळद-आंबेहळद चिरून लिंबू मीठ लावून ठेवली की आठवडाभर पानात घ्यायला होते. गाजराची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, मुळ्याचा कीस, आवळा किसून. हे सगळं सोडून परदेशी भोपळ्याच्या शेवया कशाला? आपल्याकडे कच्चं खायची पद्धत नाही असं थोडीच आहे, चैत्रात आंब्याची डाळ खातो ती भिजवून वाटलेली कच्ची हरभऱ्याची डाळच असते ना. आणि गाजर बारीक किसून त्यावर कूट किंवा खोबरं घालायचं हे नुसतं चवीसाठी नाही, गाजरातलं बीटा कॅरोटीन चरबीबरोबरच नीट अंगी लागतं. टोमॅटोचं तर उलटंच, त्यातलं लायकोपीन शिजवल्यावर जास्त मिळतं. आवळा-पेरूमधलं क जीवनसत्त्व मात्र कच्चंच खावं, उष्णतेने जातं. म्हणजे सगळं शिजवलेलं वाईट हे जे त्यांच्या ब्रोशरमध्ये आहे ते अर्धंच खरं आहे.

मोडांबद्दल थोडं गंभीर. रोज मूग, मेथीचे मोड कच्चे येतात. मी विचारलं कसे धुता, उत्तर आलं 'आरओ वॉटर मॅम'. आरओच्या पाण्याने बियांमधले जंतू मरत नाहीत, आणि मोड यायला जी ऊब-ओल लागते ती जंतूंनाही मानवतेच. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई-कोलाय पसरला होता, पन्नासच्या आसपास माणसं गेली. घाबरवत नाहीये, पण मी दुसऱ्या आठवड्यापासून मोड वाफवून खाल्ले, त्यांचा नियम मोडला असेल तर मोडला. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई असेल तर त्यांना कच्चे मोड नकोच. आणि हा डबा बघून घरी कोणी कच्चा राजमा मोड आणून खायच्या भानगडीत पडू नका, तो नीट उकळल्याशिवाय विषारी असतो. कायम असंच जेवायचं असेल तर बी-१२ कुठून येणार तेही डॉक्टरांना विचारा, कारण भाज्या-फळांत ते नसतं.

भोगीच्या दिवशी मी सुट्टी घेतली. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, वांगं-पावटा-गाजर-हरभऱ्याची भोगीची भाजी आणि खिचडी, हे सोडून बिटाचे कबाब खाणारी बाई मी नाही. दोन दिवस आधी मेसेज करून भोगी आणि संक्रांत पॉज करा म्हटलं, 'डन मॅम' आलं, तरी दोन्ही सकाळी सव्वासहाला बॅग दारात. दोन दिवसांचे ८८० रुपये परत मागितले तर पॉज ॲपवरूनच करायचा असतो म्हणे, मग चॅटवर डन कशाला म्हणता? पण डिलिव्हरीचा मुलगा एकदाही उशिरा आला नाही, स्वेटरसुद्धा न घालता बाईकवरून यायचा, त्याला संक्रांतीला तिळगूळ दिला, त्याने तिथेच खाल्ला.

वजन दोन किलो कमी झालं, त्यातलं एक फेब्रुवारीत परत आलं. दुपारी ऑफिसात झोप येणं मात्र खरंच थांबलं, म्हणून दुपारचं जेवण अजून अर्धं कच्चं ठेवलंय, घरचंच, कोशिंबीर मोठी आणि पोळी एक. रात्री गरम. चहा दोन कप.

दुपारचाच डबा लावता येतो का विचारलं होतं, तर येतो, २४० रुपये. उन्हाळ्यात आईसपॅकचा उपयोग तरी होईल म्हणून विचार करतेय. डिपॉझिटचे ५०० अजून आले नाहीत, डबे न्यायलाही कोणी आलेलं नाही, एक मी तडकवला म्हणून मीही जोर करत नाही. बाकीच्या डब्यांत सासूबाईंनी ओली हळद घालून ठेवलीय.