बीपीची गोळी: सकाळी की रात्री?

दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार काका ओपीडीत बसल्या बसल्या मोबाईल पुढे करतात, "डॉक्टर, गोळी रात्रीच घ्यायची असते म्हणे?" त्या व्हॉट्सअ‍ॅप मजकुराचं मूळ २०१९ च्या स्पेनमधल्या एका अभ्यासात आहे. रुग्ण १९,०८४. झोपताना गोळी घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात असे प्रसंग ४५ टक्क्यांनी कमी झाल्याचा दावा. पहाटे बीपी चढतं, तेव्हा रात्रीची गोळी कामी येईल, हे मलाही पटलं होतं. कितीतरी जणांची गोळी मी रात्रीवर नेली. नंतर त्या अभ्यासाच्या पद्धतीवरच शंका घेतल्या गेल्या.

२०२२ मध्ये ब्रिटनमधला 'टाइम' अभ्यास आला. २१,१०४ रुग्ण, पाच वर्षांहून अधिक पाठपुरावा. असे प्रसंग संध्याकाळच्या गटात ३.४ टक्के, सकाळच्या गटात ३.७. एवढा फरक योगायोगानेही पडतो. २०२५ मध्ये कॅनडातल्या 'बेडमेड'नेही ३,३५७ रुग्णांवर तेच दाखवलं. रात्रीचा खास फायदा नाही, तोटाही नाही.

मग ठरवायचं कशावरून? माझ्या मते गोळी कधी चुकते, यावरून. 'टाइम'मध्ये ठरलेली वेळ न पाळल्याचं संध्याकाळच्या गटातल्या ३९ टक्के लोकांनी सांगितलं, सकाळच्या गटातल्या २२.५ टक्के. हे मी रोज बघतो. पंचवटीतल्या एक आजी पर्समधून पाकीट काढतात; महिना उलटला तरी दहा-बारा गोळ्या तशाच. "टीव्ही बघता बघता डोळा लागतो हो." त्यांची गोळी आता चहाच्या वेळेला, साखरेच्या डब्याशेजारी. शिवाय त्यांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, आणि वाड्यात संडासाला जिना उतरून जावं लागतं. 'टाइम'मध्ये रात्रीच्या गोळीने पडण्याचं प्रमाण वाढलं नव्हतं, हे खरं. तरी तो अंधारा जिना डोळ्यांपुढे ठेवून मी सकाळच निवडतो.

सकाळच्या गोळीने गरगरत असेल तर मात्र रात्रीची करून बघायला हरकत नाही, पण डॉक्टरांना विचारून. सातपूर-अंबडला पाळीत काम करणाऱ्यांनी फार धास्ती घेऊ नये. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळीचा परिणाम चोवीस तासांहून जास्त टिकतो, दोन-चार तास इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. विसरलात म्हणून दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

काकांना मी रात्रीचीच दिली. काढणीच्या दिवसांत ते पहाटे पाचला चहाही न घेता बागेत जातात, रात्रीचं जेवण मात्र घरी, ठरल्या वेळी. त्यांच्या गोळीत लघवीचं औषध नाही. "म्हणजे मजकूर बरोबरच होता की!" काका खूश झाले. मजकूर चुकीचाच होता, काका. तुमची वेळ तेवढी जुळली.