पॅड त्यानेच उपटले, आणि जोडायचे पैसेही त्यानेच घेतले

13,740 रुपये. एवढे पैसे मोजून वडिलांच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरचा बोर्ड एका दुरुस्तीवाल्याकडून कायमचा जाळून घेतला. लिहायला लाज वाटते. पण हाच माणूस आता धुळ्याकडच्या लोकांनाही गाठतोय असं कानावर आलं, तेव्हा गप्प बसवेना.

मशीन क्लासिक टू, 1991 सालचं मॉडेल. भुसावळला वडिलांच्या छापखान्यात त्यावर लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं जुळवली जायची. त्या काळच्या बोर्डांचं दुखणं ठरलेलं आहे. चंदेरी डबीसारखे छोटे कपॅसिटर बुडातून गळतात आणि ते रसायन हळूहळू बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक खात जातं. आमच्याकडे आधी आवाज गेला, मग स्क्रीनवर नुसत्या चौकटी यायला लागल्या. टीव्ही-इन्व्हर्टरवाल्या कारागिरांनी बोर्ड पाहिला आणि 'हे आपलं काम नाही' म्हणून परत दिला. तेच प्रामाणिक होते.

मग हा सापडला. नाशिकहून काम करतो म्हणाला. फोनवर लगेच अहिराणीत सुरू झाला, "भाऊ, मी बी खान्देशनाच शे, कायजी करू नका." परमुलखात आपली बोली ऐकली की माणूस विरघळतोच, कोणीही विरघळला असता. अ‍ॅडव्हान्स 3,500 रुपये. कुरिअर 640. 'जपानी टँटलम कपॅसिटर टाकू, परत कधीच गळणार नाहीत' म्हणून आणखी 2,400. सगळं यूपीआयवर, बिल नाही. बिल न देणाऱ्याला बोर्ड देऊच नका.

आठवडाभराने फोटो आला. सोबत मेसेज, "रसायनानं पॅड खाल्ले भाऊ, पॅड रिपेअरिंगचे 7,200 होतील." पॅड म्हणजे बोर्डावरचे तांब्याचे ठिपके, ज्यांवर कपॅसिटरचे पाय सोल्डरने जोडलेले असतात.

तो फोटो मी आजही उघडून बघतो आणि डोकं फिरतं. सगळं त्यातच दिसत होतं. रसायनाने खाल्लेला पॅड काळपट-हिरवा पडतो, सोल्डर राखाडी होतं, आजूबाजूचा हिरवा थर फुगतो. त्या फोटोत पॅडच्या जागी बोर्डाचा स्वच्छ पिवळसर फायबर होता. त्याला चिकटून ट्रॅकचं तुटलेलं टोक, नव्या तांब्यासारखं चकचकीत, आणि प्रत्येक टोक एकाच बाजूला वळलेलं. म्हणजे त्याने पक्कड लावून कपॅसिटर पिळून काढले होते, आणि डबीबरोबर पॅडही उखडून आले. खालचं सोल्डर आधीच कमजोर झालेलं असतं. तिथे फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट वितळून वाहावं म्हणून लावतात तो चिकट पदार्थ, लावायचा, ताजं सोल्डर चढवायचं आणि हॉट एअरने किंवा दोन्ही पायांना एकदम उष्णता देऊन अलगद उचलायचं. स्वतःच तोडायचं आणि तोडलेलं जोडायचे पैसे मागायचे, हाच त्याचा धंदा! पण बोर्ड त्याच्या टेबलावर उघडा पडलेला असताना मी काय करणार होतो? नाही म्हटलं असतं तर बोर्डही परत आला नसता. 7,200 पाठवले.

पॅड गेला म्हणजे बोर्ड गेला, असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. पुढचा ट्रॅक हलका खरवडून तांबं उघडं करायचं, बारीक वायरचा जम्पर मारायचा, मल्टिमीटरवर कंटिन्युटीचा बीप घ्यायचा. हात बसलेल्या माणसाला हे रोजचं काम आहे.

बोर्ड परत आला तेव्हा जम्पर होते, पण सगळीकडे चिकट फ्लक्स तसाच. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुण्याचेही कष्ट घेतले नव्हते. आणि टँटलम उलटे! गळक्या डबीवरचा काळा पट्टा मायनस असतो, टँटलमवरचा पट्टा प्लस. याने जुन्याच्या जागी पट्ट्याला पट्टा जुळवून बसवले. "पूर्ण टेस्ट करून पाठवलाय" असं लेखी होतं, म्हणून मी पॉवर दिली. चर्र झालं, धूर निघाला, बोर्ड आतल्या थरापर्यंत जळला. दुसऱ्याने केलेल्या बोर्डावर प्लस बाजू बोर्डावरच्या खुणेशी ताडल्याशिवाय स्विच दाबू नका, कोणी काहीही लिहून देवो.

पोलिसांत गेलो. तासभर बाकावर बसवलं, मग "ही दिवाणी बाब आहे." मी म्हटलं, साहेब, टेस्ट केल्याचं खोटं लिहून पैसे घेतले, फसवणूक नाही का? तर उत्तर, "एवढ्या जुन्या डबड्यावर पैसे घालायला तुम्हाला कोणी सांगितलं?" माझ्या वडिलांचं मशीन जुनं आहे म्हणून त्यावरची चोरी चोरी नाही? सायबरवाल्यांकडे पाठवलं, ते म्हणाले पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, ठाण्यातच जा. ठाण्यात परत गेलो तर आधीचे साहेब बंदोबस्तावर. अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. बँकेने हात वर केले. प्रत्येक टेबलावर तीच हकीकत पहिल्यापासून, आणि प्रत्येक टेबलावर तेच हसू.

अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मी आता तिथेच तक्रार टाकतोय. बोर्ड पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे जवळून फोटो काढा, प्रत्येक पॅड दिसेल असे. माझ्याकडे आधीचे फोटो नव्हते आणि तो आता बिनधास्त म्हणतो, पॅड आधीपासूनच गेले होते.

त्याचा नंबर अजून चालू आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कोणी 'आपल्या खान्देशच्या भाऊ'कडे बोर्ड पाठवला असेल तर आजच परत मागा, आणि पॅडचे पैसे मागितले तर एक रुपयाही पाठवू नका.